ग्रामीण विदर्भातील शाळकरी मुलांचा रक्तक्षय आणि कुपोषण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक, शिक्षक, आशाताई आणि शाळेत स्वयंपाक करणाऱ्या ताईंसाठी

"रक्त कमी आहे" असं सांगतात, म्हणजे नेमकं काय कमी असतं?

हिमोग्लोबिन. रक्तातला हा लाल पदार्थ फुफ्फुसातून प्राणवायू उचलून अंगभर पोचवतो. तो वयाच्या मानाने कमी झाला की रक्तक्षय म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानुसार ५ ते ११ वर्षांच्या मुलात दर डेसिलिटरला किमान ११.५ ग्रॅम, १२ ते १४ वर्षांत १२ ग्रॅम, आणि १५ वर्षांनंतर मुलीत १२ व मुलात १३ ग्रॅम हिमोग्लोबिन हवं. म्हणजे तिसरीतल्या भावाचं आणि सातवीतल्या बहिणीचं दोघांचंही ११.७ आलं, तर भाऊ ठीक आहे आणि बहिणीला सौम्य रक्तक्षय आहे. शाळकरी वयात ८ च्या खाली आकडा गेला की तो तीव्र रक्तक्षय. तिथे घरगुती उपायांत आठवडा घालवू नका, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठा.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. तापासारखंच रक्तक्षय हेही लक्षण आहे, निदान नाही. लोह कमी, फोलेट कमी, बी-१२ कमी, पोटात जंत, वारंवार मलेरिया, मुलीची पाळी जास्त जाणं आणि विदर्भात तर हमखास तपासायचा सिकलसेल, यांपैकी कशामुळेही आकडा खाली येतो. कारण न शोधता वर्षानुवर्षं गोळ्या देत राहणं ही आपल्याकडची सर्वांत नेहमीची चूक आहे.

मूल अंगाने बरं दिसतं. त्यालाही रक्तक्षय असू शकतो का?

असू शकतो. वजन आणि हिमोग्लोबिन सोबतच चालतील असं नाही. दोन वेळा पोटभर भात खाणाऱ्या मुलाचं वजन ठीक असेल, पण पांढऱ्या भातात लोह फार कमी असतं. उलट एखादं काटकुळं मूल १२ च्या वर असतं. म्हणून वजन, उंची आणि हिमोग्लोबिन तिन्ही तपासायचं.

वर्गात कसं ओळखायचं?

तळहात आणि खालच्या पापणीची आतली बाजू उजेडात पाहा. फिकटपणा दिसतो, पण तो मध्यम ते तीव्र रक्तक्षयात. सौम्य रक्तक्षय डोळ्यांना दिसत नाही. खेळात लवकर धाप लागणं, प्रार्थनेच्या वेळी चक्कर, सततची सुस्ती याही खुणा आहेत. माती, कच्चे तांदूळ, खडू किंवा पाटीवरची पेन्सिल खाणाऱ्या मुलाला रागावण्याआधी त्याचं रक्त तपासून घ्या. ही खोड बऱ्याचदा लोहाच्या कमतरतेमुळे लागते, आणि लोह भरून निघालं की आपोआप सुटते.

शाळेत बोटातून रक्त घेऊन आलेला आकडा खरा मानायचा का?

चाळणी म्हणून चालतो, पण तो अंतिम नाही. बोट दाबून दाबून रक्त काढलं की त्यात पेशींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा खोटा कमी येतो. पहिला थेंब पुसून टाकावा, पुढचा मोठा थेंब आपसूक येऊ द्यावा. हात थंड असेल तर आधी चोळून गरम करावा. टोचायचं ते मधल्या किंवा अनामिकेच्या टोकाला, मधोमध न टोचता किंचित बाजूला. स्पिरिट वाळण्याआधी टोचू नये. यंत्राच्या पट्ट्यांची डबी उघडी राहिली तर पावसाळी हवेत पट्ट्या खराब होतात आणि मग सगळा वर्ग एकाच दिवशी "अशक्त" निघतो. असं झालं की मुलांच्या आधी डबीची मुदत तपासा.

मोठ्या पाहण्यांतही हा फरक दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बोटातल्या रक्तावरून महाराष्ट्रातली ६ ते ५९ महिन्यांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतलं रक्त तपासलं होतं. त्यात देशभरात १ ते ४ वर्षांची ४१ टक्के, ५ ते ९ वर्षांची २४ टक्के आणि १० ते १९ वर्षांची २८ टक्के मुलं आढळली. वयोगट आणि प्रदेश वेगळे असल्याने आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत, पण पद्धतीने आकडा हलतो हे खरं. ८ ते १० च्या आसपास आलेल्या मुलाची शिरेतल्या रक्ताची पूर्ण तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा ग्रामीण रुग्णालयातून करून घ्यावी. त्या अहवालातला लाल पेशींचा आकार कारणाकडे बोट दाखवतो. पेशी लहान असतील तर लोह कमी किंवा थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार), मोठ्या असतील तर बी-१२ किंवा फोलेट कमी.

गुलाबी गोळी, निळी गोळी, लाल गोळी: कोणती कोणाला?

अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रम २०१८ पासून सुरू आहे. त्यात ५ ते ९ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी असते (४५ मिलिग्रॅम लोह, ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल). १० ते १९ वर्षांना आठवड्याला एक निळी (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल). लाल गोळी गरोदर आणि स्तनदा मातांची, रोजची. अंगणवाडीतल्या लहानग्यांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर औषध.

ही मात्रा रक्तक्षय होऊ नये म्हणून आहे. ज्याला आधीच रक्तक्षय आहे त्याला आठवड्याची एक गोळी पुरत नाही. त्याला रोज औषध लागतं: ५ ते ९ वर्षांत वजनाच्या दर किलोला ३ मिलिग्रॅम लोह (२० किलोच्या मुलाला दिवसाला ६० मिलिग्रॅम), १० वर्षांपुढे दिवसाला दोन निळ्या गोळ्या, साधारण दोन ते तीन महिने. हे वैद्यकीय अधिकाऱ्याने लिहून द्यायचं, शिक्षकाने ठरवायचं नाही. महिन्याभरात हिमोग्लोबिन किमान १ ग्रॅमने वाढायला हवं. वाढलं नाही तर दोनच शक्यता उरतात. मूल गोळ्या घेत नाही, किंवा कारण लोहाचं नाही. पहिली तपासायला गोळ्यांची पट्टी मोजा, दुसरीसाठी मुलाला पुढे पाठवा.

आकडा सुधारताच औषध थांबवू नये. अंगातला लोहाचा साठा भरायला त्यानंतरही वेळ लागतो. अर्ध्यावर सोडलेलं मूल पुढच्या पोळ्यापर्यंत पुन्हा जागच्या जागी येतं.

गोळी दिली की मुलं ओकतात, पोट दुखतं म्हणतात. मग पालक "देऊ नका" म्हणतात.

बहुतेक वेळा कारण एकच असतं, रिकामं पोट. उन्हाळा लागला की आपल्याकडे सकाळची शाळा भरते. पोरं कपभर चहा आणि एखादा टोस्ट खाऊन सातला हजर होतात आणि पहिल्याच तासाला गोळी मिळते. मळमळणारच. गोळी शालेय पोषण आहार झाल्यावर, जेवणानंतर अर्ध्या तासाने, ग्लासभर पाण्यासोबत द्या. चहा किंवा दुधासोबत नको, त्यांनी लोह शोषलं जात नाही. शिक्षकाने समोर उभं राहून गिळायला लावावी. घरी दिलेल्या गोळ्यांपैकी निम्म्या दप्तराच्या तळाशी सापडतात.

शौच काळसर होईल हे पालकांना आधीच सांगा. न सांगता झालं तर गावात अफवा पसरते. एका मुलाला मळमळलं की शेजारच्या चौघांनाही होतं, ही भीती असते, विष नव्हे. त्या मुलाला सावलीत झोपवा, पाणी किंवा ओआरएस द्या, बाकीच्यांना वर्गात नेऊन कामाला लावा. शिक्षकांनी मुलांसमोर स्वतः एक गोळी घेतली तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

ताप, जुलाब किंवा न्यूमोनिया चालू असताना गोळी देऊ नये, मूल बरं झाल्यावर पुन्हा सुरू करावी. थॅलेसेमिया असलेल्या किंवा वारंवार रक्त भरावं लागणाऱ्या मुलाला ती द्यायचीच नाही.

लहान भावाने आईच्या लाल गोळ्या चॉकलेट समजून खाल्ल्या तर?

ही आणीबाणी आहे. वजनाच्या दर किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त लोह पोटात गेलं की विषबाधेला सुरुवात होते आणि ६० च्या पुढे जीव धोक्यात येतो. एका लाल गोळीत ६० मिलिग्रॅम असतं. १५ किलोच्या पोराला पाच गोळ्या त्रासदायक, पंधरा जीवघेण्या. उलट्या, पोटदुखी, रक्ताचे जुलाब सुरू होतात. मग काही तास मूल बरं वाटतं आणि घरचे निर्धास्त होतात, पण पुढचा धोका त्यानंतरच असतो. किती खाल्ल्या याचा नेम नसेल तरी १०८ ला फोन करा, उरलेली पट्टी सोबत न्या. घरात गोळ्या कोनाड्यात ठेवू नका. उंच जागी, झाकणाच्या डब्यात ठेवा.

सिकलसेलचं काय? विदर्भात याचाच उल्लेख सगळे का करतात?

कारण गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ आणि मेळघाटात हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. तो फक्त आदिवासींचा आहे हा समज चुकीचा, इतर अनेक समाजांतही तो आहे. यात लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, लवकर फुटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून असह्य वेदना देतात. आई आणि बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के.

तपासणीत घोळ होतो तो इथे. शाळेत किंवा गावात होते ती सोल्युबिलिटी चाचणी, म्हणजे फक्त प्राथमिक चाळणी. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे मूल वाहक (एएस) असेल किंवा रुग्ण (एसएस) असेल, कोणतं ते ती सांगत नाही. ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या तपासणीतच कळतं, तिथे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून पाहतात. शिवाय हिमोग्लोबिन फार कमी असेल किंवा नुकतंच रक्त भरलं असेल, तर सोल्युबिलिटी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणजे सर्वांत आजारी मूलच निसटतं. ७ च्या खाली हिमोग्लोबिन असलेल्या मुलाची सोल्युबिलिटी निगेटिव्ह आली तरी एचपीएलसीचा आग्रह धरा. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली असून ४० वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी त्यात मोफत आहे.

वाहक मूल धडधाकट असतं. नुसत्या वाहकपणामुळे रक्तक्षय होत नाही, म्हणून वाहक मुलाचं हिमोग्लोबिन ९ आलं तर दुसरं कारण शोधा. त्याला शाळेतली गोळी इतरांसारखीच द्यायची. रुग्ण मुलाला मात्र लोहाची कमतरता तपासणीत सिद्ध झाल्याशिवाय लोह नको. त्याला डॉक्टर फोलिक आम्ल आणि गरजेनुसार वेदनेचे झटके कमी करणारं हायड्रॉक्सियुरिया हे औषध देतात.

वर्गात सिकलसेलचं मूल असेल तर शिक्षकाने काय सांभाळायचं?

पाण्याची बाटली बाकावर हवी आणि लघवीला कितीदाही जाऊ द्यायचं. या मुलांना लघवी खरंच जास्त होते, ती टाळाटाळ नसते. उन्हात उभं करणं, मैदानाच्या फेऱ्या, डिसेंबरच्या थंडीत सकाळची कवायत, यांपैकी काहीही वेदनेला निमित्त ठरतं. १०१ अंशांवर ताप, छातीत दुखणं किंवा दम लागणं, पोटाच्या डाव्या बाजूला अचानक फुगवटा, अंगाची एक बाजू लुळी पडणं, बोलताना अडखळणं, यांतलं काहीही दिसलं तर पालकांची वाट न पाहता रुग्णालय. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात अर्ज करता येतो.

बीट, डाळिंब, गूळ दिला की रक्त वाढतं ना?

रंग लाल म्हणून रक्त वाढतं असं नाही. १०० ग्रॅम बिटात लोह पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास, डाळिंबात त्याहून कमी. गुळात १०० ग्रॅमला साडेचार मिलिग्रॅम असतं, पण पोर खाणार १० ग्रॅमचा खडा. महागडं डाळिंब आणण्यापेक्षा त्या पैशात हरभरे घ्या. अख्ख्या हरभऱ्यात १०० ग्रॅमला पावणेसात, मसूर डाळीत सात, ज्वारीत चार, जवसात साडेपाच, फल्लीदाण्यात साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. मुंगन्याच्या (शेवग्याच्या) पाल्यात आणि चवळाईत साडेचार. तांदळात जेमतेम ०.६५.

या शेवटच्या आकड्यात पूर्व विदर्भाची अडचण दिसते. २०० ग्रॅम ज्वारीच्या भाकरीतून ८ मिलिग्रॅम लोह मिळतं, तेवढ्याच साध्या तांदळातून सव्वा. धानपट्ट्यात दोन्ही वेळा भातच असतो. पश्चिमेकडे कपाशी आणि सोयाबीनने शेतातून ज्वारी हटवली, ताटात रेशनचा तांदूळ आणि गहू आला.

भाजी-डाळीतलं लोह शंभरातलं पाच-आठ टक्केच अंगी लागतं. त्याला सोबत हवी क जीवनसत्त्वाची. जेवताना अर्ध्या लिंबाचा रस, आवळा, पेरू किंवा मूठभर कच्चा सांबार (कोथिंबीर). लिंबू वरणात उकळू नका, ताटात पिळा. मटकी, मूग, हरभरा १२ तास भिजवून फडक्यात मोड आणले की लोह अडवणारा भाग कमी होतो. जेवणाआधी-नंतर तासभर चहा नको, लहान पोरांना तर मुळीच नको. चालत असेल त्या घरी आठवड्यातून एकदा बकऱ्याची कलेजी किंवा सुकी मासळी द्या. प्राणिज लोह भाजीतल्यापेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं. बी-१२ तर फक्त दूध, दही, अंडी, मांस, मासळीतूनच मिळतं, आणि वर सांगितलेल्या पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयात ३१ टक्के मुलांत ते कमी होतं.

मग नीट जेवण असेल तर गोळी कशाला?

हिशेब करून पाहा. भारतीय शिफारशीनुसार १० ते १२ वर्षांच्या मुलीला दिवसाला २८ मिलिग्रॅम लोह लागतं, मुलाला १६. भाकर, वरण, भाजी, दाणे सगळं नीट मिळालं तरी मुलीचं ताट १५ च्या आसपास थांबतं. तिची उंची वाढतेय, पाळी सुरू होतेय. ताट भरायचंच, पण गोळी तिला लागणारच.

शाळेतल्या तांदळात प्लास्टिकचे दाणे असतात का?

नाही. तो पोषणयुक्त तांदूळ आहे. १०० साध्या दाण्यांमागे एक दाणा तांदळाच्याच पिठात लोह, फोलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून बनवलेला असतो. तो थोडा पिवळसर दिसतो आणि धुताना वर तरंगतो. ताई तो कचरा समजून निवडून फेकतात, तिथेच सगळा खर्च वाया. एकदा-दोनदा हलकं धुवा, बेतात पाणी घाला, पेज काढून टाकू नका. एक किलो तांदळात २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे पहिलीतल्या मुलाच्या १०० ग्रॅमच्या वाट्यातून तीन-चार मिलिग्रॅम मिळतं. वारंवार रक्त भरावं लागणाऱ्या मुलाबाबत तेवढं डॉक्टरांना विचारा.

शालेय पोषण आहारात एका मुलाला किती मिळायला हवं?

पहिली ते पाचवी: १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवी: १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल, म्हणजे ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. १०० लहान मुलं जेवणार असतील तर १० किलो तांदूळ, २ किलो डाळ, ५ किलो भाजी, अर्धा किलो तेल. तांदूळ सहसा पुरा पडतो. कमी पडते ती भाजी, कारण ती गावात विकत घ्यावी लागते. त्यामुळे ५ किलोच्या जागी दोन आलू आणि चार टमाटर जातात. शाळेच्या कुंपणाला मुंगन्याच्या मनगटाएवढ्या जाड, हातभर-दीड हात लांब फांद्या पावसाच्या तोंडावर लावल्या तर दुसऱ्या वर्षापासून पाला तोडता येतो. खिचडी उतरवायच्या पाच मिनिटं आधी बारीक चिरून घाला, आधी घातला तर कडवटपणा येतो आणि मुलं बाजूला काढतात.

मूल कुपोषित आहे का, हे शाळेत कसं मोजायचं?

किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. १० वर्षांचा मुलगा २२ किलो, १३० सेंटिमीटर: २२ भागिले १.६९, म्हणजे १३. या वयाला मुलग्यांत १३.७ आणि मुलींत १३.५ च्या खाली असेल तर मूल कृश. मुलग्यांत १२.८ आणि मुलींत १२.४ च्या खाली तीव्र कृश. बाकी वयांचे तक्ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे असतात. हे पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. त्या दिवशी गैरहजर राहिलेल्यांची यादी करा, कारण सर्वांत अशक्त मुलंच बहुधा गैरहजर असतात.

दंडाची रंगीत पट्टी पाच वर्षांखालच्यांसाठी आहे, शाळेत तिचा आकडा लावू नका. कुपोषित मुलांवर उपचार करणारी ग्राम बाल विकास केंद्रं आणि पोषण पुनर्वसन केंद्रंही त्याच वयासाठी. सहाव्या वर्षी मूल शाळेत गेलं की अंगणवाडीच्या यादीतून नाव जातं आणि शाळेत तशी यादीच नसते. ही फट मुख्याध्यापक आणि अंगणवाडीताईंनी जूनच्या शेवटी शाळा उघडताच एकत्र बसून बुजवावी.

जंताची गोळी वर्षातून दोनदा कशासाठी?

अंकुशकृमी आतड्याला चिकटून रोज रक्त पितो आणि ओल्या मातीतून अनवाणी पायांच्या कातडीतून शिरतो. पावसाळ्यात निंदणीला शेतात जाणारी पोरं त्याला आयती सापडतात. एकदा औषध घेतलं तरी पुन्हा लागण होते, म्हणून फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये १ ते १९ वर्षांच्या सर्वांना अल्बेंडाझोल: दोन वर्षांवर ४०० मिलिग्रॅमची पूर्ण गोळी, एक ते दोन वर्षांत अर्धी. ती चावून खायची. रडणाऱ्या मुलाच्या तोंडात कोंबू नका, घशात अडकते. चप्पल आणि संडास नसेल तर गोळीचा उपयोग काही महिनेच टिकतो.

दिवाळीनंतर कुटुंब कामासाठी बाहेर जातं, होळीला परत येतं. मधल्या काळात?

जाण्याआधी मुलाच्या हाती एक कागद द्या: शेवटचं हिमोग्लोबिन आणि तारीख, सिकलसेल तपासणीचा निकाल, चालू औषध आणि मात्रा. आशाताईंनी तेवढ्या आठवड्यांच्या गोळ्या मोजून आईकडे द्याव्यात आणि वार ठरवून सांगावा, उदाहरणार्थ आठवडी बाजाराचा दिवस. रोजच्या उपचारावर असलेल्या मुलाची औषधं वैद्यकीय अधिकाऱ्याकडून लिहून घ्यावीत आणि वीटभट्टी किंवा जिथे काम असेल तिथल्या जवळच्या आरोग्य केंद्रात महिन्याने तपासणी करायला सांगावं. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात वजन आणि हिमोग्लोबिन पुन्हा पाहा. मोहफुलं वेचायला पोरं पहाटे रानात जायला लागली की शाळेत सापडत नाहीत, त्याआधीच हे उरका.